स्वस्त ग्राफिक्स कार्ड: कोणता तोटा चालवून घ्यायचा आणि कोणता नाही

स्वस्त कार्डात काहीतरी कमी असणार हे उघड आहे. नेमकं काय कमी आहे आणि ते तुमच्या कामाच्या आड येतं का, एवढंच बघायचं असतं. नवीन माणूस सहसा फक्त वेग बघतो: अमुक कार्ड अमुक गेममध्ये सेकंदाला किती फ्रेम (चित्रं) देतं. पण वेग कमी असणं हा स्वस्त कार्डाचा सगळ्यात निरुपद्रवी दोष आहे. सावल्यांची सेटिंग उतरवली, रिझोल्यूशन थोडं खाली आणलं की भागतं. खरा ताप देतात ते दोष कार्ड बनवतानाच त्यात कायमचे बसलेले असतात. मेमरी किती, मदरबोर्डशी बोलायला लेन (डेटा नेणाऱ्या वाटा) किती, व्हिडिओ एन्कोडर (व्हिडिओ दाबून लहान करणारा भाग) आहे की नाही, मागे पोर्ट कोणती, यातलं काहीही नंतर बदलत नाही.

म्हणून पुढच्या प्रत्येक पायरीवर स्वतःला एकच गोष्ट विचारा: हा तोटा सेटिंग बदलून निभावता येईल का? येत असेल तर त्याची फार चिंता नको. येत नसेल तर तिथेच थांबून नीट तपासा.

पायरी १: कार्ड खरंच लागतं का ते ठरवा

ब्राउझर, ऑफिसचं काम, ऑनलाइन व्हिडिओ, साधं फोटो एडिटिंग यासाठी प्रोसेसरमधलं अंगभूत ग्राफिक्स पुरतं. हल्लीच्या काही प्रोसेसरांतलं अंगभूत ग्राफिक्स तर सगळ्यात खालच्या थरातल्या कार्डांना सहज मागे टाकतं. रायझन ७ ८७००जी मधलं रेडिऑन ७८०एम हे जीटी १०३० पेक्षा चांगलंच वेगवान आहे. अंगभूत ग्राफिक्स संगणकाची रॅम वापरतं, त्यामुळे रॅमची एकच पट्टी असेल तर जोडीला तशीच दुसरी लावून ड्युअल चॅनल केल्यावर गेममध्ये फरक ठळक दिसतो. कार्ड घेण्याआधी हा प्रयोग करून बघण्यासारखा आहे.

कार्ड लागणारच असेल तर कागदावर चार गोष्टी लिहून घ्या: मॉनिटरचं रिझोल्यूशन, प्रोसेसरचं पूर्ण नाव, मदरबोर्डचं पूर्ण नाव, आणि पॉवर सप्लाय किती वॅटचा आहे व त्यात ग्राफिक्स कार्डासाठी मोकळी वायर आहे का. हा कागद जवळ नसेल तर पुढच्या निम्म्या पायऱ्या वाचून उपयोग नाही.

पायरी २: नावामागचं कार्ड ओळखा

खालच्या वर्गात एकाच नावाखाली दोन वेगळी कार्डं विकली जाण्याचा प्रकार नेहमीचा आहे. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा! जीटी १०३० चंच बघा. २०१७ मध्ये ते जीडीडीआर५ मेमरीसह आलं, तिचा वेग सेकंदाला ४८ जीबी. पुढच्या वर्षी त्याच नावाने डीडीआर४ मेमरीचं कार्ड आलं आणि हा वेग १६.८ जीबीवर आला, म्हणजे जवळपास एक तृतीयांश. खोक्यावर दोन्हीकडे ठळक अक्षरांत जीटी १०३० च.

आरटीएक्स ३०५० ची गोष्टही तशीच. २०२२ मधल्या ८ जीबीच्या कार्डात २५६० कोअर (गणितं करणारी युनिट) आणि १२८ बिटची बस (चिप आणि मेमरीमधली वाट) आहे. २०२४ मध्ये आलेल्या ६ जीबीच्या कार्डात २३०४ कोअर आणि ९६ बिट. वाचणाऱ्याला वाटतं की फरक फक्त २ जीबीचा. आरटीएक्स ३०६० ची १२ जीबीची आवृत्ती सेकंदाला ३६० जीबी वाहून नेते, ८ जीबीची २४०. आणि ‘आरएक्स ५८० २०४८एसपी’ असं लिहिलेलं कार्ड दिसलं तर ते मुळात आरएक्स ५७० च्या मापाचं आहे. खऱ्या आरएक्स ५८० मध्ये २३०४ शेडर युनिट, म्हणजे कोअरच, असतात.

तेव्हा नाव सोडा आणि तपशिलाच्या पानावर मेमरीचा प्रकार, मेमरी किती जीबी, बस किती बिटची, कोअर किती आणि पीसीआय एक्सप्रेसच्या (कार्ड ज्या जोडणीने मदरबोर्डात बसतं तिच्या) लेन किती ते शोधा. मेमरीचा वेग दिला नसेल तर स्वतः काढता येतो: बसचे बिट भागिले ८, गुणिले मेमरीचा प्रति पिन गिगाबिटमधला वेग. ६४ बिट आणि १८ गिगाबिट असेल तर ८ गुणिले १८, म्हणजे सेकंदाला १४४ जीबी. विक्रेता हे आकडे देत नसेल तर उत्पादक कंपनीच्या पानावर मॉडेल क्रमांक टाकून बघा. तिथेही जुळत नसतील तर ते कार्ड सोडून द्या.

पायरी ३: मेमरी आणि लेन एकत्र तोला

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा, कारण स्वस्त कार्डाचं घोडं बहुधा इथेच पेंड खातं.

गेमला लागणारी टेक्श्चरं (भिंती, कपडे अशा पृष्ठभागांवर चढवलेली चित्रं) आणि बाकीचा डेटा कार्डाच्या स्वतःच्या मेमरीत मावला तर सगळं सुरळीत चालतं. मावला नाही तर उरलेला भाग संगणकाच्या रॅममध्ये जातो आणि लागेल तेव्हा पीसीआय एक्सप्रेसच्या वाटेने आणावा लागतो. ही वाट किती रुंद आहे यावर पुढचं सगळं ठरतं. पीसीआय एक्सप्रेस ३.० ची एक लेन सेकंदाला साधारण १ जीबी नेते, ४.० ची साधारण २ जीबी. पूर्ण स्लॉट १६ लेनचा असतो. पण खालच्या वर्गातल्या कितीतरी कार्डांत, जोडणी १६ लेनची दिसत असली तरी, आत फक्त ८ किंवा ४ लेन जोडलेल्या असतात.

जानेवारी २०२२ मध्ये आलेलं रेडिऑन आरएक्स ६५०० एक्सटी हे याचं शिकवण्याजोगं उदाहरण. मेमरी ४ जीबी, बस ६४ बिटची, लेन फक्त ४. स्वतःच्या मेमरीतून त्याला सेकंदाला १४४ जीबी मिळतात. मेमरी भरली की मदरबोर्ड ४.० चा असल्यास बाहेरून साधारण ८ जीबी, म्हणजे अठरा पट कमी. मदरबोर्ड ३.० चा असेल तर साधारण ४ जीबी, छत्तीस पट कमी. गंमत अशी की स्वस्त कार्ड ज्यांच्या संगणकात जातं त्यांचा मदरबोर्ड बहुधा जुना, म्हणजे ३.० चाच असतो. कार्डाचा दोष ज्याला सगळ्यात जास्त बाधतो, गिऱ्हाईकही नेमका तोच.

इथे एक सापळा आहे. मदरबोर्ड ४.० चा असून भागत नाही, प्रोसेसरही तसा लागतो. रायझन ५ ५५०० किंवा ५६००जी हे प्रोसेसर ४.० देणाऱ्या बी५५० चिपसेटच्या मदरबोर्डावर बसवले तरी कार्डाला ३.० च मिळतं. इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरांत दहाव्या पिढीपर्यंत ३.० च आहे. कागदावर लिहिलेलं प्रोसेसरचं नाव इथे उपयोगी पडेल.

८ लेनच्या कार्डांचं काय? आरएक्स ६६०० आणि आरटीएक्स ४०६० दोन्ही ८ लेनची, ८ जीबी मेमरीची. मेमरी पुरते आहे तोवर ३.० च्या मदरबोर्डावर होणारं नुकसान थोडं असतं, गेम खेळताना जाणवेलच असं नाही. मेमरी तुडुंब भरली की मात्र इथेही तोच खेळ सुरू होतो. थोडक्यात, कमी लेन एरवी निमूट असतात, कमी मेमरीच्या जोडीला आल्या की छळतात.

सेटिंग उतरवून मेमरीची टंचाई भागते का? अर्धवट. टेक्श्चरचा दर्जा खाली आणला की मेमरी मोकळी होते, हे खरं. पण टेक्श्चरचा भार जवळपास सगळा मेमरीवरच पडतो, चिपच्या गणितशक्तीवर फारसा नाही. म्हणजे मेमरी मुबलक असेल तर सुंदर टेक्श्चरं जवळजवळ फुकट मिळतात, आणि नसेल तर चिपमध्ये दम असूनही दगडभिंती मेणासारख्या गुळगुळीत बघाव्या लागतात. ४ जीबीत काही नवे गेम सगळ्यात खालच्या टेक्श्चरवरही मावत नाहीत.

माझं मत सांगतो. गेमसाठी नवं कार्ड घेत असाल तर ४ जीबीचं घेऊ नका, कितीही स्वस्त मिळालं तरी. ६ जीबी म्हणजे जुने आणि हलके गेम. १०८० पीसाठी ८ जीबी आज चालतं, पण काही नव्या गेममध्ये टेक्श्चर एक-दोन पायऱ्या उतरवायची तयारी ठेवा. एकाच नावाचं कार्ड ८ आणि १६ अशा दोन मापांत मिळत असेल, जसं आरटीएक्स ५०६० टीआय किंवा आरएक्स ९०६० एक्सटी, आणि कार्ड चार-पाच वर्षं वापरायचं असेल, तर जास्तीचा पैसा मेमरीवर घाला. वरचा चकचकीत पंखा किंवा कारखान्यातून आलेलं किरकोळ ओव्हरक्लॉक यावर घालवू नका.

सध्याच्या संगणकात मेमरी अपुरी पडते का हे बघणं सोपं आहे. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सच्या पानावर जीपीयू निवडा. गेम चालू असताना डेडिकेटेड (कार्डाच्या स्वतःच्या) मेमरीचा आलेख छताला टेकलेला आणि शेअर्ड मेमरीचा (रॅममधल्या वाट्याचा) चढत चाललेला दिसला, की डेटा बाहेर सांडायला लागला असं समजा.

पायरी ४: काय गाळलंय ते शोधा

तपशिलाच्या पानावर असलेल्या गोष्टी सगळे वाचतात. नसलेल्या गोष्टी शोधाव्या लागतात.

पहिली म्हणजे व्हिडिओ एन्कोडर. गेम रेकॉर्ड करणं, थेट प्रक्षेपण, व्हिडिओ कॉल, एडिट केलेला व्हिडिओ बाहेर काढणं, या सगळ्यात तो राबतो. आरएक्स ६४०० आणि ६५०० एक्सटी मध्ये तो नाहीच, जीटी १०३० मध्येही नाही. पहिल्या दोन कार्डांतली चिप लॅपटॉप डोळ्यांसमोर ठेवून केलेली. तिथे हे काम प्रोसेसरमधलं अंगभूत ग्राफिक्स सांभाळतं. डेस्कटॉपवर ते ओझं प्रोसेसरच्या कोअरवर येतं आणि गेमचाच वेग घसरतो. तुमच्या इंटेल प्रोसेसरात अंगभूत ग्राफिक्स असेल (नावाच्या शेवटी एफ नसेल) तर ते बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) चालू ठेवून ओबीएस या रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅममध्ये क्विक सिंक हा इंटेलचा एन्कोडर निवडता येतं, आणि हा तोटा बराचसा मिटतो. उलट इंटेलचं आर्क ए३८० हे गेममध्ये यथातथा कार्ड, पण त्यात एव्ही१ या नव्या व्हिडिओ प्रकाराचा एन्कोडर आहे. निव्वळ व्हिडिओच्या कामासाठी ते सरस ठरतं.

दुसरी गोष्ट रे ट्रेसिंगची, म्हणजे प्रकाशकिरणांचा माग काढून सावल्या आणि प्रतिबिंबं रंगवण्याची. ‘मला नकोच ते, बंद ठेवीन’ असं म्हणून आतापर्यंत भागत होतं. आता तेवढ्याने भागत नाही. मे २०२५ मध्ये आलेला डूम: द डार्क एजेस हा गेम रे ट्रेसिंगचं हार्डवेअर असल्याशिवाय चालतच नाही, तिथे ते बंद करण्याची सोय नाही. जीटीएक्स १६५० सारखी कार्डं अशा गेमच्या दारातच अडतात. जुने गेम आणि ऑनलाइन स्पर्धेचे हलके गेम एवढंच खेळणार असाल तर याची फिकीर नको.

तिसरी, पोर्ट. आरएक्स ६४०० वर साधारणपणे एक एचडीएमआय आणि एक डिस्प्लेपोर्ट, एवढंच. तीन मॉनिटर लावायचे असतील तर विषय संपला. जुना व्हीजीए मॉनिटर असेल तर सिग्नल बदलणारा अ‍ॅक्टिव्ह कन्व्हर्टर लागेल, नुसती वायर चालणार नाही.

चौथी, त्रिमितीय काम आणि एआय. ब्लेंडरचं सायकल्स रेंडरर एनव्हिडिया, एएमडी आणि इंटेल या तिन्ही कंपन्यांच्या कार्डांवर चालतं, पण आधी ब्लेंडरच्या यादीत तुमचं मॉडेल आहे का ते बघा. घरच्या संगणकावर एआय मॉडेल चालवायची असतील तर वेगापेक्षा मेमरी आधी मोजा. १२ जीबीच्या आरटीएक्स ३०६० ला या कामासाठी मागणी राहिली ती याच कारणाने.

पायरी ५: वीज, जागा, वारा

पीसीआय एक्सप्रेसचा स्लॉट जास्तीत जास्त ७५ वॅट देतो. ६ पिनची वायर आणखी ७५, ८ पिनची १५०. कंपनीत जोडून आलेल्या ऑफिसच्या संगणकांत ही वायर बऱ्याचदा नसतेच, पॉवर सप्लायही निराळ्या आकाराचा असतो आणि बदलता येत नाही. अशा ठिकाणी आरएक्स ६४०० (५३ वॅट) किंवा ६ जीबीचं आरटीएक्स ३०५० (७० वॅट) यांना खरोखर अर्थ आहे. वर जी टीका केली ती इथे थोडी मागे घ्यायला हरकत नाही. फक्त मॉडेलनुसार बघा. जीटीएक्स १६५० चं माप ७५ वॅटचं असूनही काही उत्पादकांनी त्याला ६ पिनची जोडणी दिली आहे.

कॅबिनेट अरुंद असेल तर लो-प्रोफाइल (कमी उंचीचं) कार्ड लागतं, आणि ते कॅबिनेटला बसवायची आखूड पट्टी खोक्यात दिली आहे का तेही बघावं लागतं.

स्वस्त कार्डाचा हीटसिंक छोटा आणि पंखा बहुधा एकच असतो, म्हणून आवाज जास्त. हा तोटा मात्र बऱ्यापैकी निभावता येतो: फ्रेमवर मर्यादा घाला, आफ्टरबर्नरसारख्या प्रोग्रॅममधून पंख्याची गती आणि पॉवरची मर्यादा थोडी उतरवा.

पायरी ६: चाचण्यांचे आकडे वाचताना

सरासरी फ्रेमच्या आकड्याने हुरळून जाऊ नका. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे प्रत्येक फ्रेमला १६.७ मिलिसेकंद. मधूनच एखादी फ्रेम १०० मिलिसेकंद अडली तरी सरासरी फारशी हलत नाही, डोळ्यांना मात्र ती ठेच लगेच कळते. मेमरी कमी पडली की नेमकं हेच होतं. म्हणून ‘एक टक्का लो’ (सगळ्यात संथ एक टक्का फ्रेमचा वेग) हा आकडा सरासरीच्या शेजारी ठेवून वाचा. दोन्हींत फार अंतर असेल तर कार्ड अडखळतंय. काही गेम तर अडखळतही नाहीत, गुपचूप टेक्श्चरं पुसट करतात. ते आकड्यांत दिसत नाही, व्हिडिओ बारकाईने बघावा लागतो.

चाचणी कोणत्या संगणकावर झाली तेही वाचा. चाचणी करणारे बहुधा सगळ्यात वेगवान प्रोसेसर आणि नवा मदरबोर्ड वापरतात, म्हणजे प्रोसेसर आड येत नाही. तुमच्या घरी तो येईल. इंटेलच्या आर्क कार्डांबाबत हे जास्तच खरं. त्यांना रिसायझेबल बार ही बायोसमधली सोय चालू असावी लागते, नाहीतर वेग बराच पडतो. आणि १२ जीबीचं, एरवी चांगलं असलेलं आर्क बी५८० जुन्या सहा कोअरच्या प्रोसेसरांवर अपेक्षेपेक्षा मागे पडतं. आपल्याच प्रोसेसरावरची चाचणी सापडली तर दहा दिमाखदार आलेखांपेक्षा ती मोलाची.

जाहिरातीतला आलेख डीएलएसएस किंवा एफएसआर (लहान चित्र बनवून मोठं करण्याच्या सोयी) चालू ठेवून काढलाय का ते पाहा. १०८० पीवर ‘क्वालिटी’ निवडली तर आत चित्र ७२० पीचं बनतं आणि मग मोठं केलं जातं. मोठ्या पडद्यावर ४के साठी जी जादू दिसते ती इथे तेवढी दिसत नाही. फ्रेम जनरेशनचं, म्हणजे दोन फ्रेमच्या मध्ये कृत्रिम फ्रेम घालण्याचं, तर आणखी विचित्र. त्याला मुळात बऱ्यापैकी फ्रेम आधीच हव्यात आणि वर जादा मेमरीही हवी. स्वस्त कार्डाकडे नेमक्या याच दोन गोष्टी कमी.

पायरी ७: जुनं घ्यावं का

तेवढ्याच पैशांत वापरलेलं वरच्या वर्गातलं कार्ड मिळत असेल तर मी त्याच्या बाजूने आहे, पण दोन अटींवर.

एक, ड्रायव्हरचं आयुष्य. एनव्हिडियाने मॅक्सवेल आणि पास्कल पिढ्यांसाठी (जीटीएक्स ९०० आणि १००० मालिका त्यातच येतात) नव्या गेमचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ पासून थांबवले; सुरक्षेचे अपडेट ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळणार आहेत. जीटीएक्स १०८० टीआय आजही दमदार वाटेल, पण नव्या गेममध्ये काही बिघडलं तर दुरुस्ती येणार नाही.

दोन, कार्ड खरंच तेच आहे का. कार्डाचं स्वतःचं बायोस (आतलं सॉफ्टवेअर) बदलून जुन्याच कार्डाला नवं नाव देण्याचा धंदा जुना आहे. जीटीएक्स ५५० टीआय हे १०५० टीआय म्हणून खपवलं गेलेलं आहे. जीपीयू-झेड हा मोफत प्रोग्रॅम अशी बरीच बनावट कार्डं ओळखून नावापुढे तसा शिक्का दाखवतो. क्रिप्टोच्या खाणकामातलं कार्ड म्हणून लगेच नाक मुरडू नका. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं खाणकाम संपल्यावर अशी कार्डं ढिगाने बाजारात आली आणि त्यातली कितीतरी नीट चालतात. पंखे आणि मेमरीचं तापमान मात्र जास्त कसून तपासा.

पायरी ८: परत करायची मुदत आहे तोवर

मॉनिटरची वायर मदरबोर्डाच्या पोर्टला नाही, कार्डाच्या पोर्टला लावा. हसू नका, ‘कार्ड चालत नाही’ अशा कितीतरी तक्रारी इथेच मिटतात. मग जीपीयू-झेड उघडा आणि मेमरीचा प्रकार, बसचे बिट आणि कोअर तपशिलाच्या पानावरच्या आकड्यांशी ताडून बघा. बस इंटरफेसच्या ओळीत लेन आणि पिढी दिसते; कार्ड निवांत असताना वीज वाचवायला पिढी खाली दाखवली जाते, म्हणून शेजारचं बटण दाबून तिथली रेंडर चाचणी चालू करा आणि मगच वाचा. १६ लेनच्या दुसऱ्या स्लॉटात कार्ड चुकून बसलं असेल तर तेही इथेच कळेल.

त्यानंतर तुम्ही रोज खेळता तोच गेम अर्धा-पाऊण तास सलग चालवा आणि एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्रॅममध्ये तापमान व पंख्याची गती बघत राहा. प्रत्येक पोर्टला एकदा मॉनिटर लावून बघा. एन्कोडरसाठी म्हणून कार्ड घेतलं असेल तर पाच मिनिटं रेकॉर्ड करून फाइल उघडून पाहा. बारीक किणकिण ऐकू आली तर ती कार्डावरच्या कॉइलची (वीज सांभाळणाऱ्या तारेच्या वेटोळ्याची) असते. कार्डाला त्याने धोका नाही, पण शांत खोलीत डोकं उठतं, आणि फ्रेमवर मर्यादा घालूनही ती जात नसेल तर कार्ड परत करायला ते कारण पुरेसं आहे. मुदत संपेपर्यंत खोका, आतलं फोम, पोर्टांची झाकणं आणि ती आखूड पट्टी टाकून देऊ नका.